घाट उतरणारी माणसं आणि कायद्यातल्या रेघा

वऱ्हाडातल्या शेतीविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे लिहिलं-बोललं गेलं, त्यात एक वाक्य हमखास सापडतं : ‘मजूर मिळत नाही.’ अकोटच्या बाजार समितीत ते ऐकू येतं, दर्यापूरच्या एसटी स्टँडवर येतं, कृषी विद्यापीठाच्या चर्चासत्रात जरा शुद्ध मराठीत येतं. गावात त्याचं रूप ‘वेचाले बाया भेटत नाही’ असं असतं. कापूस बोंडातून लोंबायला लागला की या वाक्याला धार चढते. मी मूळचा अकोल्याकडचा, त्यामुळे हे वाक्य लहानपणापासून कानांवर आहे, आणि ते खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्यातलं क्रियापद मला खटकतं. पाऊस मिळत नाही, खत मिळत नाही, तसा मजूर मिळत नाही. तो कुठून येतो, कोणत्या वाटेने येतो, त्याला यायला कोणी भाग पाडलं आणि कोणी अडवलं, हे प्रश्न त्या क्रियापदात मावत नाहीत.

आपल्या साहित्यातही ते फारसे मावलेले नाहीत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. कौतिकच्या रूपाने वऱ्हाडातली कष्टकरी बाई मराठी कादंबरीच्या मध्यभागी उभी राहिली, आणि त्या बोलीसकट उभी राहिली. गोनीदांनी पूर्णेकाठची बोली कादंबरीत आणली. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने २००२ मध्ये कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराची पडझड दाखवली. या सगळ्यांत मजुरी आहे, दारिद्र्य आहे, गाव सोडून जाणारी माणसं आहेत. पण गावात बाहेरून येणारा मजूर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सातपुड्याचा घाट उतरून वावराच्या धुऱ्यावर पाल ठोकणारा कोरकू, या लेखनाच्या मध्यभागी नाही. ऊसतोड कामगाराला मराठी कथेत जागा मिळाली, सरकारात महामंडळही मिळालं. पऱ्हाटीतल्या कोरकू बाईला दोन्हीकडे जागा नाही. ती दिसते तेव्हा पार्श्वभूमीवर दिसते.

कायद्यातही ती अशीच पार्श्वभूमीवर आहे का, हे पाहण्यासाठी मी स्थलांतराशी संबंधित कायदे साहित्याचा वाचक म्हणून वाचून काढले. परदेशातून येणाऱ्यांचे कायदे हा इथला विषय नाही. वऱ्हाडात पासपोर्ट घेऊन कोणी कापूस वेचायला येत नाही. तरीही शेतीला किती हात मिळतील हे ठरवणाऱ्या सीमा इथे आहेतच, आणि त्या कायद्यानेच आखलेल्या आहेत.

आधी वाट पाहू. मेळघाटातून, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याहून, सेमाडोहमार्गे परतवाड्याला उतरणारी एक. बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीकडून परतवाड्याला येणारी दुसरी. खंडवा-बुऱ्हाणपूरच्या बाजूने तुकईथड, धूळघाट करत अकोटला पोचणारी तिसरी. तिन्ही वाटांनी येणारी माणसं एकाच भाषेची. कोरकू ही मुंडा कुळातली, आणि त्या कुळातली अगदी पश्चिमेकडची भाषा. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. सोयाबीनच्या सोंगणीला उतरायचं, कापसाच्या वेचण्या करायच्या, हरभरा सोंगायचा आणि होळीला काहीही करून परत वर जायचं, हे त्यांचं साधारण वेळापत्रक. होळी हा त्यांचा मोठा सण. फाल्गुन लागला की मालकाने कितीही आर्जवं केली तरी टोळी थांबत नाही.

आता या वाटांवर पडलेल्या रेघा मोजू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, पण मालकी निजामाचीच राहिली. कागदोपत्री नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. परराष्ट्र खात्याच्या अधिसूचनेने ते लावावे लागत. बैतूल आणि निमाड मात्र मध्य प्रांतात, म्हणजे पक्क्या ब्रिटिश मुलखात. अर्थात १८९० साली भैंसदेहीचा कोरकू एलिचपुराकडे उतरला तर तो कायद्याच्या दृष्टीने एका राज्यकर्त्याच्या मुलखातून दुसऱ्याच्या मुलखात येत होता. १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी करार केला, सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ च्या ऑक्टोबरात ते मध्य प्रांताला जोडलं. एका लेखणीने वाट एकाच प्रांतात आली. तिथे ती ५३ वर्षं राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, बैतूल-खंडवा नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि तीच वाट आंतरराज्य झाली. मेळघाटची वाट मात्र जिल्ह्याच्या आतलीच राहिली. एका नात्यातली माणसं, एकाच वावरात शेजारशेजारच्या तासांवर वेचणारी, पण एक जिल्ह्यातली आणि दुसरी परराज्यातली.

गंमत अशी की बैतूलच्या कोरकूला वऱ्हाडात कोणी ‘परप्रांतीय’ म्हणत नाही. हा शब्द आपण मुंबईच्या टॅक्सीवाल्यासाठी राखून ठेवला आहे. जो खरोखर दुसऱ्या राज्यातून येतो त्याला इथे ‘कोरकू’ किंवा ‘डोंगरातले’ म्हणतात, आणि ही गोष्ट मला आपल्या भाषेच्या बाजूने बोलणारी वाटते. भाषेने १९५६ ची रेघ मान्य केलेली नाही.

कायद्याने केली. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम १९७९ सालचा, अंमल २ ऑक्टोबर १९८० पासून. तो जन्मला ओरिसातल्या ‘दादन’ पद्धतीमुळे. तिथले सरदार आणि खातेदार उचल देऊन माणसं गोळा करत, दूरच्या धरणांवर आणि रस्त्यांवर नेत, आणि तिथे त्यांचे हाल होत. कायद्यातली ठेकेदाराची व्याख्या त्या पार्श्वभूमीची साक्ष देते. तिच्यात हे सरदार-खातेदार नावानिशी आलेले आहेत. कायदा वाचताना जाणवतं की त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर एक ठाम चित्र होतं : लांबचा प्रवास, परकी भाषा, मोठं बांधकाम आणि मध्ये एक दलाल. त्या चित्राला धरून तरतुदी चांगल्या आहेत. छायाचित्र लावलेलं पासबुक, महिन्याच्या पगाराच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांतला जास्त असेल तो विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचं भाडं, राहायला जागा, औषधपाणी. ज्या आस्थापनेत असे पाच किंवा अधिक कामगार असतील, तिथे कायदा लागू.

आता या चित्रात परतवाड्याजवळचं वावर बसवून पाहा. पाचाची अट सहज पुरी होते; वेचणीच्या टोळीत पंधरा-वीस बाया असतातच. पण त्यांना आणलं कोणी? टोळीतल्याच एखाद्या जाणत्या माणसाने. तो कुणाचा मामा, कुणाचा दीर. गेल्या वर्षीच्या मालकाचा फोन आला, त्याने घरोघरी निरोप दिला, चार पैसे इसार घेतला आणि मॅटेडोर ठरवली. तो स्वतःही वेचतो. कायद्यात ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी व्यक्ती’ अशी पुस्ती आहे, म्हणजे ओढूनताणून हा मामाही ठेकेदार ठरेल. ठरला तर त्याला दोन्ही राज्यांत परवाना हवा, आणि आठ एकरांच्या शेतकऱ्याने मुख्य नियोक्ता म्हणून नोंदणी करायला हवी. सोयाबीन शेंगेतून फुटायला आलेलं असताना कामगार कार्यालयात अर्ज घेऊन उभा असलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. मला तरी ते चित्र आणता येत नाही. आणि हे सगळं फक्त भैंसदेहीच्या टोळीपुरतं. धारणीची टोळी शेजारच्या वावरात तेच काम करते, पाल तसंच, पाणी तितक्याच लांबून. पण तिने राज्याची सीमा ओलांडलेली नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ती स्थलांतरितच नाही.

या कायद्याची अंमलबजावणी झाली नाही, अशी टीका नेहमी होते. माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. ज्या प्रसंगाची कल्पनाच कायद्याने केली नाही, त्यात अंमलबजावणी कशाची करणार? दादनच्या कथेतली पात्रं घेऊन त्याने सबंध देशासाठी व्याख्या केली. वऱ्हाडात नात्यागोत्यातून, वर्षानुवर्षांच्या ओळखीतून, एका दिवसाच्या अंतरावर होणारं स्थलांतर आहे. त्यात शोषण नाही असं नाही. किलोमागे भाव ठरतो, काटा मालकाचा असतो, आजारी पडलेल्या बाईचा दिवस बुडतो. पण ते शोषण दादनच्या साच्यातलं नाही.

याहून खोल गेलेली रेघ मात्र एका यादीत आहे, आणि तिच्याकडे शेतीवर लिहिणाऱ्यांचं लक्ष क्वचितच जातं. १९५६ च्या आदेशानुसार विदर्भातल्या अनुसूचित जमातींच्या यादीला क्षेत्राची अट होती. अमरावती जिल्ह्यातला फक्त मेळघाट तालुका, आणि चांदा व यवतमाळ जिल्ह्यांतले काही तालुके. कोरकू मेळघाटात राहत असेल तर अनुसूचित जमातीचा. तोच घाट उतरून अचलपूर किंवा अकोट तालुक्यात कायमचा राहिला तर नाही. वस्ती पंधरा कोस खाली सरकली की माणसाची जात सरकारी कागदावर बदलत होती! १९७६ च्या दुरुस्तीने ही अट गेली. पण वीस वर्षं तिने काय केलं, याचा विचार करण्याजोगा आहे. हंगामापुरतं खाली या, वेचा, सोंगा, आणि परत जा. खाली घर कराल तर शिष्यवृत्ती, जागा, सवलत यांना मुकाल. असं कोणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि यादी करणाऱ्यांचा हेतूही बहुधा तो नसेल. पण परिणामाच्या दृष्टीने ही अट परदेशांतल्या हंगामी व्हिशाची सख्खी बहीण होती. काम करा, वसू नका.

राज्याच्या सीमेपुरती ती बहीण अजून जिवंत आहे. जमातीचा दर्जा मूळ राज्याशी बांधलेला असतो. १९५० च्या आदेशाच्या तारखेला कुटुंब कुठे राहत होतं, हे पाहिलं जातं. कोरकू दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, तरी बैतूलहून येऊन अकोट तालुक्यात राहिलेल्या कुटुंबाच्या मुलाला महाराष्ट्रात त्याचा लाभ सहज मिळत नाही. पांढुर्ण्याकडून, म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातून आलेल्या, दुसऱ्या एका जमातीच्या माणसाचं असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २००३ च्या निकालात न्यायालयाने, हा सगळा मुलूख पूर्वी एकाच प्रांतात होता आणि जमात दोन्हीकडे मान्य आहे, या गोष्टी विचारात घेण्याजोग्या मानल्या. निकालात १९५६ च्या आधीच्या नकाशाची आठवण निघावी, हे मला त्या सबंध कायदेव्यवहारातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

इतकं झालं तरी कोरकू खाली का येतो, हा प्रश्न उरतोच. कापसाची मजुरी जास्त म्हणून, हे उत्तर अपुरं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ नंतर, वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या डोळ्यांत भरला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि इथल्या काळ्या जमिनीला माणसांची भूक लागली. त्या काळी मेळघाटचा कोरकू मात्र मुख्यतः जंगलात गुंतवलेला होता. इंग्रजांनी मेळघाट राखीव केला, फिरती शेती आवळत नेली आणि वनग्रामं वसवली. वनग्राम म्हणजे कसायला तुकडाभर जमीन, आणि त्या बदल्यात जंगलखात्याच्या कामाला हजर राहायचं. हिवाळ्यात कूप तोडायचा, रस्ते करायचे, वणवे विझवायचे. वनकायद्याने मजूर वरच धरून ठेवला होता. स्वातंत्र्यानंतरही जंगल कामगार संस्थांमार्फत हे काम चालू राहिलं. मग १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, १९८५ मध्ये अभयारण्य, त्यानंतर गुगामल राष्ट्रीय उद्यान. तोड आक्रसली, काही गावं उठवून खाली आणली. हिवाळ्यातले ज्या महिन्यांत जंगलात काम असे, नेमके तेच महिने कापूस वेचणीचे. ज्या कायद्याने हात शंभर वर्षं डोंगरावर बांधून ठेवले, त्याच कायद्याने ते पुढे मैदानात सोडले. वाघ वाचवण्याला माझा विरोध नाही. पण वऱ्हाडाच्या मजूरपुरवठ्याचा इतिहास लिहायचा तर कामगार कायद्यापेक्षा वनकायद्याला अधिक पानं द्यावी लागतील.

पुरवठ्याची दुसरी बाजू रेल्वेची. अकोला-खंडवा मीटरगेज धूळघाटला स्वतःभोवती वळसा घेत डोंगर चढायची. तुकईथडच्या बाजूच्या माणसांना अकोटला उतरायला तीच गाडी. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी ती बंद झाली. अकोला-अकोट तुकडा २०२२ मध्ये ब्रॉडगेज होऊन सुरू झाला, पण पुढचा मार्ग वाघाच्या जंगलातून न्यायचा की बाहेरून, या वादात वर्षं गेली. गाडीचं भाडं आणि मॅटेडोरचं भाडं यांतला फरक शेवटी इसारातून, म्हणजे बाईच्या मजुरीतून, वळता होतो. ‘मजूर मिळत नाही’ म्हणणाऱ्यांच्या तोंडी ही गाडी मी फार थोड्या वेळा ऐकली.

इथे अमेरिकेतलं एक उदाहरण उपयोगी पडतं. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ करारान्वये मेक्सिकन मजूर अमेरिकेच्या शेतांवर हंगामी कामाला येत. १९६४ अखेर तो करार बंद केला गेला. बाहेरचे गेले की इथल्यांची मजुरी वाढेल, ही अपेक्षा. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासले तेव्हा मजुरी अपेक्षेप्रमाणे वाढल्याचं आढळलं नाही. शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायची यंत्रं घेतली आणि जिथे यंत्र चालत नव्हतं तिथे पीक कमी केलं. वऱ्हाडात फाटक बंद करणारा कायदा कधी झाला नाही, तरी इथल्या शेतकऱ्याने तेच केलं. कापूस तीन-चारदा हाताने वेचावा लागतो. सोयाबीन एकदाच सोंगायचं, आणि तेही आता पंजाब-हरियाणातून येणारी हार्वेस्टरं करून देतात. पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आलं त्यामागे भाव होते, बोंडअळी होती, तसे हे हातही होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात सघन लागवडीच्या, यंत्राने वेचता येईल अशा कापसाची चर्चा आहे. ते यंत्र आलं तर लहान वावरात वळणार कसं, हा पुढचा प्रश्न. पण त्या दिवशी घाट उतरणाऱ्या बाईच्या हातात काय राहील, हा प्रश्न चर्चासत्राच्या विषयपत्रिकेत नसतो.

आता नवे कायदे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने १९७९ चा कायदा पोटात घेतला. तिचा अंमल २०२५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. तिच्या व्याख्येत एक खरी सुधारणा आहे : ठेकेदाराशिवाय, आपणहून दुसऱ्या राज्यात आलेला कामगारही आता स्थलांतरित धरला जातो. भैंसदेहीची टोळी व्याख्येत आली म्हणायची. पण त्याच हाताने पाचाची अट दहावर नेली आणि विस्थापन भत्ता गाळला. धारणीची टोळी पूर्वीसारखीच बाहेर.

दुसरा कायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली आणि तिचा कायदा १९७९ च्या जानेवारीत लागू झाला. २००६ मध्ये केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात अमरावती जिल्हा होता. गावातच काम मिळालं तर घाट उतरावा लागणार नाही, हा तिचा आशय. प्रत्यक्षात मजुरी खात्यात जमा व्हायला आठवडे लागतात आणि खाली वावरात बाजाराच्या दिवशी रोख मिळते, म्हणून माणसं उतरतच राहिली. शिवाय जॉबकार्ड गावचं. ते अकोटला चालत नाही. तरीही ‘हमीच्या कामामुळे मजूर मिळत नाही’ ही तक्रार पाग्यांच्या काळापासून आजवर चालत आली आहे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने या योजनेच्या जागी जो नवा कायदा आणला, त्यात दिवस १०० वरून १२५ केले, आणि त्याच वेळी पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद केली. कारणही कायद्यातच दिलं आहे : शेतीला पुरेसे मजूर मिळावेत. जी गोष्ट १९५६ ची यादी आणि वनकायदा न बोलता करत होते, ती इथे उघडपणे छापली गेली. शेतीला हात पुरवण्यासाठी दुसरं काम थांबवायचं. या मोकळेपणाचं मी स्वागतच करतो, कारण आता निदान प्रश्न विचारायला जागा झाली.

प्रश्न असा की हे साठ दिवस कोणाच्या हंगामाचे? ते अधिसूचनेने ठरवायचे आहेत, आणि वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे ठरवता येतात. धारणी-चिखलदऱ्याची स्वतःची शेती उथळ, उताराची. तिचा खरीप दिवाळीच्या सुमारास आटोपतो. पुढचे महिने तिथे गावातल्या कामाची गरज सर्वाधिक असते, आणि त्याच महिन्यांत गावातली पोरं आईबापांबरोबर खाली जातात, अंगणवाडीच्या पोषण आहारातून सुटतात आणि होळीला वजन घटवून परत येतात. मेळघाटच्या कुपोषणावर १९९३ पासून जे अहवाल, याचिका, दौरे झाले, त्यात हे पुन्हा पुन्हा आलेलं आहे. अकोट, तेल्हारा, अंजनगावचा ऐन हंगाम नेमका हाच. दोन तालुक्यांसाठी दोन तारखा धरल्या, तर मेळघाटात नोव्हेंबर ते जानेवारी कामं चालू राहतील आणि खालचा शेतकरी ओरड करील. एकच तारीख धरली, तर मेळघाटातली कामं अकोटच्या पऱ्हाटीसाठी बंद होतील. अधिसूचनेचा मसुदा करणाऱ्याने धारणीच्या ओळीपुढे कोणते महिने लिहिले, हे मी राजपत्रात आधी पाहणार आहे.